अकरावी ओळ

१

साहेब गेले ते स्वतःच्याच रुग्णवाहिका-ठाण्यात, गाड्यांच्या शेडमध्ये, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क असताना. त्यांना वाचवू शकणारं औषध त्यांच्यापासून दहा पावलांवर होतं.

सकाळी सात पस्तीसला शेडच्या खिडकीची झडप उघडताना त्यांच्या मानेला गांधीलमाशी चावली. सात पन्नासला नाडी थांबली. मधली पंधरा मिनिटं त्यांच्याजवळ एकच माणूस होतं, बाहीवर पांढरी पट्टी असलेली, सगळ्यात खालच्या पातळीची तंत्रज्ञ. सगळं ठाणं तिला वहिनी म्हणे. तिने त्यांना आडवं केलं, पाय उशीवर ठेवले, मास्क लावला, बाहेर कॉलवर गेलेल्या मोठ्या गाडीला वायरलेसवरून तीनदा हाक मारली. पण शेडमध्येच उभ्या असलेल्या दुसऱ्या गाडीतली लाल पेटी तिने उघडली नाही. त्या पेटीत ॲड्रेनलिनचं पेन, म्हणजे अशा चाव्यावरचं तयार इंजेक्शन होतं. मांडीवर टेकवायचं आणि दाबायचं, कपड्यांवरूनही चालतं, दहा सेकंदांचं काम. पेटीचं सील जसंच्या तसं होतं.

"माझ्या पातळीला त्याची परवानगी नाही," वहिनी म्हणाली.

आदल्या दिवसापर्यंत खरोखरच नव्हती. पण आदल्या संध्याकाळी साहेबांनी स्वतः सही करून परवानग्यांची नवी यादी फलकावर लावायला दिली होती, आणि तिच्यात पांढऱ्या पट्टीला पेन वापरायची मुभा होती. आज फलकावर चार टाचण्या होत्या. एकीखाली कागदाचा नखाएवढा कोपरा अडकला होता. यादी गायब.

"असा कागद फलकावर मी पाहिलाच नाही," वहिनी म्हणाली.

साहेबांच्या बायकोला सगळे बाईसाहेब म्हणत. त्या शेडच्या दारात उभ्या होत्या. रडत नव्हत्या.

"पाहिलाय तिने. पाहिला, फाडला आणि माझा माणूस तडफडताना बघत बसली. मला एवढं कुणीतरी सिद्ध करून द्या. मग ती आहे आणि मी आहे."

२

चौकशी समितीने मास्तरांना बोलावलं, कारण पातळ्यांचं मूळ पुस्तक त्यांनीच लिहिलेलं. पांढरी पट्टी म्हणजे रक्त थांबवणं, छाती दाबणं, ऑक्सिजन, स्ट्रेचर. निळी पट्टी म्हणजे शिरेत सुई आणि सलाइन. लाल पट्टी म्हणजे औषधं आणि श्वासनळीतली नळी. कोणी काय करायचं आणि कुठे हात मागे घ्यायचा, हे मास्तरांनी वीस वर्षं शिकवलं. दोन वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले.

"तिला कागद माहीत होता की नाही, एवढंच शोधा," समितीचे अध्यक्ष म्हणाले. "पोलिसांकडे जायचं की नाही, ते तुमच्या अहवालावर. तीन दिवस घ्या."

घरी बायको हसलीच. "तुम्ही चौकशी करणार? अहो, दूधवाल्याला अर्धा लिटर जास्त सांगायचं तर तुम्ही दाराला चिठ्ठी अडकवता."

"लोकांना नुसतं विचारायचंय."

"तेच म्हणतेय मी."

मास्तर पुस्तकांच्या खोलीत जाऊन बसले. समितीने दिलेला उपचारांचा तक्ता समोर ठेवला. वहिनीचं अक्षर नेहमीसारखंच, टपोरं आणि सरळ. ७.३८, ऑक्सिजन पंधरा लिटर. नाडी ७.३८ला, ७.४१ला, ७.४४ला, ७.४७ला. कुठे खाडाखोड नाही. आपल्या हाताखालून गेलेली ही सगळ्यात चांगली विद्यार्थिनी, असं त्यांच्या मनात आलं, आणि लगेच त्यांनी तक्ता उलटा ठेवला.

भिंतीवर निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी दिलेलं घड्याळ टिकटिकत होतं. साहेब गेल्याची बातमी आली तेव्हा मास्तरांच्या पोटात काहीतरी गोड हललं होतं. त्या गोडव्याची त्यांना भीती वाटत होती.

मूळ पुस्तकात पांढऱ्या पट्टीच्या यादीत अकरा ओळी होत्या. अकरावी पेनाची. चार वर्षांपूर्वी साहेबांनी ती लाल शाईने खोडली. "खालच्यांच्या हाती औषध दिलं की उद्या तेच डॉक्टर म्हणून मिरवतील." मास्तरांच्या मनात विरोधाची तीन वाक्यं तयार होती. तोंडातून आलं, "बरं."

त्यानंतर दोन वर्षांनी वहिनीच्या पुतणीला गांधीलमाश्यांनी घेरलं. नऊ वर्षांची, आई नसलेली पोर. वहिनीनेच वाढवलेली. कॉल आला तेव्हा ड्यूटीवर वहिनीच होती. स्वतःच्या अंगणात गुडघे टेकून, हातात पेन धरून तिने वायरलेसवर विचारलं, "साहेब, देऊ?"

"पातळी सोडू नकोस. थांब. मोठी गाडी निघाली आहे."

मोठी गाडी यायच्या आत पोर गेली. नंतरच्या चौकशीत साहेब म्हणाले की वहिनीने काही विचारलंच नव्हतं. वायरलेसशेजारच्या खोलीत त्या वेळी मास्तर बसले होते, म्हणून त्यांनाही विचारलं गेलं. ते म्हणाले, "मला नीट ऐकू आलं नाही."

शब्द न् शब्द ऐकू आला होता.

३

ठाण्याच्या कारकूनबाई सगळ्या गोष्टी मोजून ठेवणाऱ्या.

"संध्याकाळी साडेपाचला मी स्वतः लावली यादी. चार टाचण्या. माझं काम अर्धवट नसतं."

"हो, हो. तसं नाही... आणखी कुणी वाचली होती का ती? लिहिताना, टाइप करताना?"

"टाइप मीच केली. मजकूर साहेबांनी आणि इस्पितळातल्या डॉक्टरांनी दार लावून ठरवला. मला म्हणाले, उद्यापर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. मी काढला नाही. माझ्या नवऱ्याला विचारा, किती त्रास झाला मला."

त्यांनी फाईलमधली प्रत काढून दिली. मास्तरांनी पांढऱ्या पट्टीची यादी बोटाने वाचली. चौथी ओळ, ऑक्सिजन आठ लिटरपर्यंत होता तो आता पंधरापर्यंत. सातवी, गंभीर रुग्णाची नाडी पाचऐवजी दर तीन मिनिटांनी. अकरावी, पेन. चार वर्षांनी ती ओळ आपल्या जागी परत आली होती. तळाशी साहेबांची सही आणि एक वाक्य. 'उद्या सकाळी आठपासून लागू.'

"आठपासून?" मास्तरांनी चष्मा पुसला. "साहेब तर सात पन्नासला..."

"तेच म्हणते मी. वहिनींनी यादी पाहिली काय नि न पाहिली काय, आठ वाजायला दहा मिनिटं होती. जुनी यादीच चालू होती. त्या नियमातच होत्या, मास्तर."

मास्तरांना एकदम हलकं वाटलं. अहवाल अर्ध्या पानात होईल. कुणाशी फार बोलावंही लागणार नाही.

ते निघाले तसं कारकूनबाईंनी मागून हाक मारली. "अहो, प्रती मी तीन काढल्या होत्या. मशीनवर आकडा आहे, हवं तर बघा. एक फलकावर, एक ही."

"आणि तिसरी?"

"ती साहेबांनी घडी घालून कोटाच्या खिशात घातली. आणि काल मी त्यांच्या इथल्या सगळ्या सामानाची यादी केली, तेव्हा ती कुठेच नव्हती."

४

लाल पट्टीवाल्याला ठाण्यात 'सर्जन' म्हणत, कारण तो संत्रंसुद्धा हातमोजे घालून सोलायचा. मास्तरांना पाहून त्याने खुर्ची पुढे केली नाही.

"फलकावरचा कागद मीच फाडला. ओरडून सांगू का?"

मास्तर चाचरले. विचारायचे सहा प्रश्न त्यांनी चिठ्ठीवर लिहून आणले होते. ते सगळेच वाया गेले.

"पण का?"

"का? ही पट्टी मिळवायला मला सहा वर्षं लागली. साहेबांनी दोनदा नापास केलं, सगळ्यांसमोर. म्हणाले, तुझ्या हातात औषध द्यायचं म्हणजे माकडाच्या हातात वस्तरा. आणि परवा फलक बघतो तर काय, दोन महिन्यांचा कोर्स केलेली माणसं पेन खुपसणार! मग माझ्या पट्टीची किंमत काय राहिली?" त्याने कपाटातून चुरगळलेला कागद काढला. एक कोपरा नव्हता. "सहा वाजता, घरी जाताना ओढला. म्हटलं, लावू देत पुन्हा पुन्हा. मीही फाडीन पुन्हा पुन्हा."

"त्या दिवशी वहिनी..."

"सुट्टीवर होती. सकाळी सातला आली, तोवर फलकावर टाचण्याच उरल्या होत्या. तिच्या बिचारीच्या मागे लागू नका, मास्तर." त्याचा आवाज खाली आला. "मी मोठी गाडी घेऊन पोचलो तेव्हा ती त्यांच्या छातीवर दाब देत होती. मी धरून उठवलं तेव्हा कुठे थांबली. आणि खरं सांगू? मला वाईट वाटलं नाही. गाडी मात्र मी खरंच जोरात आणली होती."

मास्तर बाहेर आले. फलकावरचा कागद वहिनीने पाहणं शक्यच नव्हतं. ती सुटली. ते पायरीवर बसले, अहवालाचं पहिलं वाक्य मनात जुळवलं, आणि तारखांसाठी तक्ता उघडला.

ऑक्सिजन पंधरा लिटर.

घाबरलेला माणूस नेहमीच्या आठवर ठेवतो, नाहीतर सिलिंडरचं चक्र पूर्ण उघडून टाकतो. नेमक्या पंधरावर तोच थांबतो, ज्याला पंधरा हा आकडा माहीत असतो. आणि नाडी तीन-तीन मिनिटांनी. मास्तरांनी आयुष्यभर सगळ्यांना शिकवलं होतं, पाच मिनिटांनी.

जुळवलेलं पहिलं वाक्य त्यांनी मनातून खोडलं.

५

"साहेब त्या संध्याकाळी कुठे गेले होते का?" हे विचारायला मास्तरांना बाईसाहेबांच्या दिवाणखान्यात एक अख्खा कप चहा लागला.

"फिरायला जातो म्हणाले. साडेसातला आले. नवा कोट नासवून आणला होता." त्यांनी आतून कोट आणला. उजव्या खांद्यापासून कोपरापर्यंत हिरव्या तैलरंगाचा पट्टा होता. "विचारलं तर म्हणे, एक कागद द्यायचा होता, दिला. आता झोप लागेल. आणि खरंच शांत झोपले हो त्या दिवशी."

"नवी यादी काढायचं त्यांनी... म्हणजे, मध्येच कसं काय मनावर घेतलं?"

"गेल्या वर्षी त्यांना गांधीलमाशी चावली. तोंड, मान, सगळं सुजलं. डॉक्टर म्हणाले, पुढच्या वेळी जिवावर बेतेल. स्वतःचं पेन आणून ठेवा म्हणून मी रोज मागे लागायचे. आणतो, आणतो." त्यांनी कोट छातीशी धरला आणि डोळे मास्तरांवर रोखले. "तीच आहे ना? सांगा. तिची नोकरी, तिचं घर, सगळं जाईपर्यंत मी स्वस्थ बसणार नाही."

"अजून... अजून एक ठिकाण बघायचंय."

६

वहिनीच्या घराचं फाटक हिरवं होतं. नवा रंग, आता वाळलेला. उजव्या बाजूला खांद्याच्या उंचीवर कुणी ओल्या रंगाला घासून गेल्यासारखा पट्टा निघाला होता. बाकी सगळ्या फाटकावर दोन हात फिरवलेले. तेवढा पट्टा मात्र कुणी बुजवला नव्हता.

"दिरांनी बुजवतो म्हटलं," दारातून वहिनी म्हणाली. "मीच नको म्हटलं. या, मास्तर. चहा टाकते."

"नको."

"घ्या. तुम्हाला बोलायला वेळ लागतो, मला माहीत आहे."

स्वयंपाकघरात खुंटीवर लहान मुलीचं दप्तर अजून टांगलेलं होतं. मास्तरांनी तक्ता टेबलावर ठेवला आणि कपाकडे बघत बोलायला लागले. वर्गात बोलायचे तसे, एकेक पायरी.

"फलकावरचा कागद तुम्ही पाहिला नाहीत, हे खरं. पण ऑक्सिजन पंधरा आणि नाडी तीन मिनिटांनी, हे फक्त नव्या यादीत आहे. नवी यादी तीनच कागदांवर होती. एक सर्जनने फाडला, एक फाईलमध्ये आहे. तिसरा साहेब खिशात घालून निघाले, आणि तुमच्या फाटकाचा रंग खांद्यावर घेऊन घरी गेले."

वहिनीने चहाचं पातेलं विसळायला घेतलं.

"तुम्ही म्हणाल, यादी आठला लागू होणार होती. त्याआधी पेन दिलं असतं तर पातळी मोडली असती. कबूल. पण मग ऑक्सिजनही आठच्या वर न्यायची परवानगी नव्हती. तो तुम्ही पंधरावर नेलात. एकाच माणसावर दोन याद्या चालवल्यात, वहिनी. चौथ्या ओळीला नवी आणि अकराव्या ओळीला जुनी."

तिने खुर्ची ओढली आणि समोर बसली.

"हातांनी घात केला. चक्र आठवरच ठेवायचं मनाशी ठरवलं होतं. पण समोर माणूस घुसमटतोय म्हटल्यावर आदल्या रात्री वाचलेल्या पंधरावर हात आपोआप गेला. माणूस वाचवायला तुम्ही शिकवलेले हात ना."

"आणि पेन?"

"पेनासाठी उठावं लागलं असतं. दहा पावलं. तेवढ्यात विचार करता येतो."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मास्तरांचा चहा तसाच होता.

"ते फाटकात आले," वहिनी म्हणाली, "आणि म्हणाले, ओळ परत घातली. मला वाटलं, पोरीसाठी. दोन वर्षांनी का होईना. मी हात जोडणार होते हो, खरंच. तेवढ्यात म्हणाले, गेल्या वर्षी मलाच चावली, आता भीती वाटते, सकाळी शेडमध्ये तुझ्याशिवाय कुणी नसतं, म्हणून तुला आधी दाखवतोय. माझी पोर गेली तेव्हा ती ओळ परत आली नाही, मास्तर. त्यांची मान सुजली तेव्हा आली. एक सही तर करायची होती. आज करता आली, म्हणजे तेव्हाही करता आली असती."

"पण ते मरत होते, वहिनी."

"बोलता येत नव्हतं त्यांना. बोटाने गाडीकडे दाखवत होते. मी त्यांचा हात हातात घेतला आणि म्हटलं, साहेब, पातळी सोडता येत नाही. थांबा. मोठी गाडी निघाली आहे."

"त्यांना कळलं?"

"कळलं. म्हणूनच बोट खाली आलं."

तिने दप्तरातून कंपासपेटी काढली, तिच्यातली कागदाची घडी दाखवली आणि पेटी परत आत ठेवली.

"हा मी देणार नाही. पोलीस आले तर त्यांना मिळेल. मी समितीपुढे तोंडही उघडणार नाही. इथे तिसरं कुणी नाही. तेव्हा आता सगळं तुमच्या कानांवर." तिने त्यांचा गार झालेला कप आपल्याकडे ओढला आणि पहिल्यांदाच सरळ त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. "काय मास्तर? या वेळी नीट ऐकू आलं ना?"

७

समितीच्या खोलीत लांब टेबल होतं. एका टोकाला बाईसाहेब, दुसऱ्या टोकाला वहिनी, मध्ये अध्यक्ष. कोपऱ्यात कारकूनबाई टिपण घ्यायला बसल्या होत्या.

मास्तरांनी तक्ता, फाईलमधली यादी आणि कोटावरचा रंग यांचा हिशेब उभ्यानेच सांगितला. आवाज दोनदा अडखळला, पण पायऱ्या चुकल्या नाहीत.

"हा सगळा तर्क झाला," अध्यक्ष म्हणाले. "पंधरा लिटर हा योगायोगही असू शकतो. तुम्ही हिच्या घरी गेला होतात. ही काही बोलली का?"

मास्तरांना ते जुनं वाक्य जिभेवर आलेलं जाणवलं. पाच शब्दांचं, गुळगुळीत, वापरून मऊ झालेलं. ते म्हटलं की घरी जाता येत होतं. वहिनी सुटली असती. तिचं एवढं तरी आपण देणं लागतो, असंही मनात आलं. पण मग शेडमध्ये वर उचललेलं ते बोट डोळ्यांपुढे आलं, आणि त्याच्यामागे अंगणात पेन धरून थांबलेला हात.

"बोलली," ते म्हणाले. "मला नीट ऐकू आलं. शब्द न् शब्द."

बाईसाहेब ताडकन उभ्या राहिल्या. चेहरा उजळला होता. "म्हटलं नव्हतं मी?"

"बसा, बाईसाहेब. हे दोन वर्षांपूर्वीपासून सांगावं लागेल." मास्तरांनी टेबलाची कड धरली. "त्या दिवशीही मला नीट ऐकू आलं होतं. हिने वायरलेसवर विचारलं होतं, साहेब, देऊ? आणि साहेबांनी उत्तर दिलं होतं, पातळी सोडू नकोस. थांब. चौकशीत ते खोटं बोलले. आणि मी..." पुढचं वाक्य त्यांनी घरून लिहून आणलं होतं. चिठ्ठी खिशात होती, पण काढली नाही. "मी त्यांना घाबरलो, आणि खोटं बोललो. मी तेव्हा खरं बोललो असतो तर साहेबांची खुर्ची गेली असती, अकरावी ओळ दोन वर्षं आधी परत आली असती, आणि परवा तेही जगले असते."

बाईसाहेब हळूहळू खाली बसल्या. गेले तीन दिवस ज्या डोळ्यांनी त्या वहिनीकडे बघत होत्या, त्याच डोळ्यांनी आता मास्तरांकडे बघत होत्या. मास्तरांनी नजर चुकवली नाही.

दुसऱ्या टोकाला वहिनीने बाहीवरची पांढरी पट्टी सोडवली, गुंडाळली आणि टेबलावर ठेवली. तिच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा किंवा हरल्याचा भाव नव्हता. फार दिवसांनी पाठ टेकायला मिळालेल्या माणसासारखी ती खुर्चीत मागे रेलली.

कारकूनबाईंचं पेन थांबलं होतं. "दोषींच्या रकान्यात..." त्यांनी खाली मान घालून विचारलं, "पहिल्या ओळीत वहिनींचं लिहू?"

"नको," मास्तर म्हणाले. "पहिली ओळ माझी."